एक जूनची पोरं

"गेली मुदत," मुलाणी वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी भडंगाची पुडी बाजूला सारली. "तुझा दावा आता लागत नाही."

त्यांच्यासमोर माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावरची जन्मतारीख बघून त्या बोटांच्या पेरांवर पुन्हा एकदा मोजायला लागल्या. मी आणि आई टेबलाच्या अलीकडे बसून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो एखादं पेर चुकला असेल अशी मला उगाच आशा वाटत होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "अज्ञान मुलावर अन्याय झाला तर नुकसानभरपाईचा दावा लावायला अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षं मिळतात. म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. तुझा वाढदिवस एक जून. त्या दिवशी कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती, म्हणून कोर्ट उघडल्यादिवशी लावला असता तरी चाललं असतं. नऊ तारखेला उघडलं. आज वीस जून."

"पोलिसांत?"

"मेलेल्या माणसावर पोलीस काय करणार? राहिली ती संस्था. तिच्यावर दिवाणी दावा, एवढाच रस्ता होता." त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला. "लवकर का नाही आलीस गं?"

लवकर का नाही आले! अकराव्या वर्षी मी कुणाकडे जाणार होते? सहावीत मी जिल्ह्याच्या गावी त्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात होते. तिथे संगीताचे एक सर होते. त्यांचं नाव मी इथे घालणार नाही, संस्थेच्या सभागृहावर घातलं होतं तेवढं पुरे. त्यांनी माझ्याशी जे केलं ते मी वकीलबाईंना एकदा सांगितलं होतं, सलग, खिडकीबाहेर बघत, आणि पुन्हा सांगायची माझी इच्छा नाही. तेव्हा मी वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनाही सांगितलं होतं. चार दिवसांनी संस्थेची मंडळी खुर्च्या मांडून बसली, आईला गावाहून बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर मला म्हणाली की चूक तुझीच आहे, तुला खोटं बोलायची सवय आहे. त्याच संध्याकाळी हातात दाखला दिला. वर्तणूक या रकान्यात लिहिलं होतं, असमाधानकारक.

मग नऊ वर्षं मी गप्प. बारावीनंतर बाहेरून बी. कॉम.ला बसले आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. एप्रिलमध्ये संस्थेचा शिपाई एक निमंत्रणपत्रिका घेऊन दुकानात आला, पन्नास प्रती हव्या होत्या. सर वर्षापूर्वी वारले होते आणि संस्थेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पत्रिकेवर त्यांचा फोटो होता, हार्मोनियमवर हात ठेवून हसणारा. मी पन्नास प्रती काढून दिल्या आणि एक्कावन्नावी स्वतःकडे ठेवली. वकील शोधायला आणि तिच्या पायऱ्या चढायचं धाडस व्हायला मला दोन महिने लागले. आता ती बाई म्हणत होती की मी उशीर केला.

मला रडू नाही, राग आला. पत्रिका परत पिशवीत कोंबून मी उठलेच होते, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली आई बोलली.

"एक जून कुणाचा?"

आईला वाचता येत नाही. ती कासारीण, गावोगाव टोपली घेऊन बांगड्या भरायची. दुसऱ्याचा हात नुसता बघून तिला माप कळतं, पण कागद समोर आला की ती कोपऱ्यात सरकते. आम्ही बोलत होतो तो कुणा दुसऱ्याच्या कागदाबद्दल, असंच ती धरून बसली होती.

"हिचा, मावशी. हिचा जन्म एक जूनचा आहे ना?"

"एक जूनला कुठली बया! बेंदराची हाय ती. भाईर बैलांची मिरवणूक निघालीया, हलगी वाजतीया, आणि आत मी वरडतीया. माझी आई सोडून कुणाला आयकू गेलं न्हाई. एक जूनला कुठला बेंदूर असतो?"

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर असा काही हात मारला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

"अक्कल गहाण पडली होती माझी! अगं, माझीसुद्धा जन्मतारीख एक जूनच आहे की! आणि अम्मी सांगते, मी झाले तेव्हा शेकोट्या पेटल्या होत्या!"

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची आणि आईबापांना तारखा ठाऊक नसायच्या. मग गुरुजी पोराकडे बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. मी स्वतः दुकानात रोज दहा दाखल्यांच्या झेरॉक्स काढायचे, त्यातले पाच-सहा एक जूनचे असायचे. त्यावर आम्ही दुकानात हसायचोसुद्धा. पण आपलाही त्यातलाच, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बेंदराला आई माझ्यापुढे पुरणपोळी ठेवायची ती सणाची असं मी समजायचे.

"आई, तू कधी बोलली का नाहीस?"

"इचारलंस कधी? आणि त्यावेळी सांगिटलं हुतं की गुरुजीला. बेंदराची हाय म्हनलं. ते म्हनले, बेंदूर रजिस्टरात बसत न्हाई."

वकीलबाई आता उभ्या राहिल्या होत्या. "पण त्या वर्षी बेंदूर कधी होता? कधी तो जूनच्या मध्यात येतो, कधी जुलैत. जूनमध्ये असला तर गेलोच आपण. जुलैत असला तर..." त्यांनी पुन्हा पेरं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. "जा. जिथे जन्मली तिथल्या ग्रामपंचायतीचं जन्माचं रजिस्टर बघून या. आजच्या आज."

माझं आजोळ हिंगणमाळ. आजच्या आज तिथे जाऊन उपयोग नव्हता, कारण तिथला ग्रामसेवक दोन गावं सांभाळायचा आणि हिंगणमाळात फक्त मंगळवारी बसायचा. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. झेरॉक्सच्या काचेवर कागद उलटे ठेवायला लागले. मालकाने शेवटी मला बिलं फाडायला बसवलं.

मंगळवारी ग्रामसेवकाने पत्र्याच्या कपाटातून रजिस्टर काढलं. कोपरे वाळवीने खाल्लेले. तो बोटाने रकाना उतरत गेला आणि आई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली, जणू तिला वाचताच येणार होतं.

"आईचं नाव?"

"कमल. कमल दत्तात्रय डांगरे."

"सापडलं. स्त्री जातीचं मूल, आई कमल, वडील दत्तात्रय गणपती डांगरे." त्याचं बोट डावीकडे सरकलं. "दोन जुलै."

आठ दिवस होते! मी ग्रामसेवकाच्या टेबलावर दोन्ही हात आपटले. आईने लगेच टोपलीतून हिरव्या बांगड्यांची जोडी काढून त्याच्यासमोर ठेवली. "तुमच्या कारभारणीला. माप चुकलं तर माझं नाव बदला."

"पण नाव नाहीये," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"मुलीचं. नोंद जन्मादिवशी केली, बारसं नंतर झालं, नाव लावायला कुणी आलंच नाही. रकाना कोरा आहे."

उतारा घेऊन आम्ही संध्याकाळच्या गाडीने वकीलबाईंकडे पोचलो. कोऱ्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"संस्थेचा वकील काय म्हणेल सांगू? म्हणेल ही दुसरीच मुलगी. म्हणेल वैजयंता डांगरे एक जूनची आहे, तिच्या सगळ्या कागदांवर एक जून आहे, मुदत टळल्यावर तिने ही तारीख शोधून काढली. खोटं बोलायची हिला सवयच आहे, हेसुद्धा म्हणेल."

"मग?"

"ज्याने एक जून लिहिला त्याने सांगायला हवं की मी अंदाजाने लिहिला. शपथेवर. आहेत का तुझे गुरुजी?"

"आहेत. अडुसष्ट वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं."

"देणार नाहीत." त्यांनी भडंगाचा बकाणा भरला. "सरकारी रजिस्टरात आपल्या हाताने खोटी तारीख घातली, असं कोण लिहून देतं? आणि पेन्शनवाला माणूस. पण विचारून बघा."

नांगरे गुरुजी आमच्याच गावचे, नागझरवाडीचे. शाळा त्यांनी एकहाती चालवली. गावात त्यांना मागून 'एक जून गुरुजी' म्हणतात आणि दर एक जूनला त्यांचे जुने विद्यार्थी पुण्या-मुंबईहून फोन करतात, गुरुजी, आज आमचा सगळ्यांचा वाढदिवस! ते फोनवर सगळ्यांना रागावतात आणि मग दिवसभर खूश असतात. मला मात्र त्यांच्याकडे जायचं नव्हतं, त्याला एक कारण होतं. त्या वसतिगृहात मला घेऊन जाणारे गुरुजीच होते. चौथीत मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांनी आईला समजावलं, पत्र्याची ट्रंक स्वतः उचलून एसटीत ठेवली आणि तिथल्या बाईंना सांगितलं, माझी हिऱ्यासारखी पोर आहे, जपा. दीड वर्षाने मी ट्रंक घेऊन परत आले तेव्हा ते रस्त्यात भेटले होते. ते काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी माझ्या हातातला दाखला वाचला, पण विचारलं नाही. त्यानंतर आमच्यात नमस्काराच्या पलीकडे काही उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने खुणावत होते. हा त्यांचा रोजचा उद्योग.

"गुरुजी, माझी जन्मतारीख चुकीची आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"सगळ्यांचीच आहे!" तेही ओरडले आणि मिशीत हसले. "तुझ्या वर्गातली सत्तावीस पोरं एका दिवशी जन्मली. तुमच्या आयांनी काय एका दिवशी ठरवलं होतं?"

आईने तोंडाला पदर लावला. मी ग्रामपंचायतीचा उतारा त्यांच्या हातात दिला आणि वकीलबाईंनी टाइप करून दिलेलं शपथपत्र वर ठेवलं. त्यांनी आधी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या. मग नीट वाचलं.

"कशासाठी पाहिजे? नोकरीला?"

"कोर्टात दावा लावायचाय."

"कुणावर?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. ते कानाशी हात नेऊन पुढे झुकले, म्हणून मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. का लावायचाय तेही मोठ्याने सांगावं लागलं. नऊ वर्षं जे मी वकीलबाई सोडून कुजबुजतसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं ते अंगणात ओरडून सांगत होते, समोरच्या घरातली बाई वाळवण घालायची थांबली होती, आणि गंमत म्हणजे मला लाज वाटत नव्हती. दोनच वाक्यं होती.

गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं. उठले. शपथपत्र आणि उतारा घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं.

आम्ही अर्धा तास बसलो. त्यांच्या सुनेने चहा आणून दिला आणि ओशाळून म्हणाली, "मामा झोपलेत. म्हणाले, नंतर बघू."

"झोपलेत!" वाटेत आई भडकली. "सकाळच्या दहाला? पेन्शनीला भ्यालं म्हातारं. आता मीच कोर्टात जाऊन सांगते. मी जन्म दिला की त्यानं?"

"तुझं ऐकतील, आई. पण तू माझी आई आहेस, असंही म्हणतील."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गुरुजींकडून निरोप नाही. सोमवारी मी सुनेला फोन केला तर ती म्हणाली, मामा दोन दिवस सकाळी बाहेर पडतात ते संध्याकाळी येतात, कुठे जातात सांगत नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही. दोन जुलै हा शेवटचा दिवस, पण शेवटच्या दिवशी दावा लावायचा म्हणजे गाडी पंक्चर झाली की संपलं. एक जुलैला लावायचा, शपथपत्राशिवाय. नशिबात असेल ते होईल. तेवढं मी गुरुजींच्या सुनेला कळवून ठेवलं.

एक जुलैला मंगळवार होता. मी माझा निळा पंजाबी ड्रेस घातला. आईने मला सकाळी बसवून डझनभर बांगड्या भरल्या. कोर्टात वाजतील म्हणून मी नको म्हणत होते. "वाजू देत," ती म्हणाली. "आलीया म्हणून कळंल."

कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली टाइपवाले आणि नोटरी टेबलं टाकून बसतात. वकीलबाईंनी तिथेच मला दाव्याच्या प्रत्येक पानावर सही करायला लावली. पहिल्या पानावर माझं नाव होतं, वैजयंता दत्तात्रय डांगरे, वय वीस वर्षे, वादी. खाली संस्थेचं नाव, प्रतिवादी. मी रोज हजार कागद बघत होते, पण माझं नाव वर आणि त्यांचं खाली असा कागद मी पहिल्यांदाच बघितला. मला ते इतकं आवडलं की मी सही करायची थांबून बघतच बसले.

"आवर," वकीलबाई म्हणाल्या. "खिडकी बंद होते."

आम्ही निघणार तेवढ्यात फाटकातून एक काळी छत्री आत आली. पाऊस नव्हता, ऊनही फारसं नव्हतं. छत्रीखाली धोतर, पांढरा सदरा, शाळातपासणीला घालायचे तो काळा कोट, आणि काखेत फाइल.

"डांगरे!" गुरुजी फाटकातूनच ओरडले. हजेरीला ओरडायचे तसंच. सगळं आवार वळून बघायला लागलं. "वैजयंता डांगरे!"

"हजर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते धापा टाकत आले. वकीलबाईंना नमस्कार केला आणि फाइल उघडली. "हा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आताच्या मुख्याध्यापकांनी द्यायला वेळ लावला. दोन खेपा झाल्या. मोजून घ्या. त्या वर्षी पहिलीत सत्तावीस पोरं दाखल झाली. सत्तावीसच्या सत्तावीस एक जून."

वकीलबाईंनी बोट फिरवत मोजलं. एकाखाली एक सत्तावीस एक जून, एकाच वळणदार अक्षरात. त्या हसायलाच लागल्या. एवढ्या मोठ्या वकील, पण खुर्चीवर बसून डोळे पुसायला लागल्या. "गुरुजी, हा पुरावा नाही, ही जत्रा आहे! कुठल्या जज्जाला पटणार नाही?"

"तुम्ही पाठवलेलं शपथपत्र मी वापरलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "त्यात भाषा बरी नव्हती. मी माझं लिहिलंय. तीनदा लिहिलं. हे तिसरं."

स्टॅम्पपेपरवर निळ्या शाईत, समास सोडून लिहिलं होतं. नोटरीने शिक्का पुढे ओढला. "आजोबा, मजकूर वाचून पाहिलाय ना?"

"मी लिहिलाय," गुरुजी म्हणाले. "तरी वाचतो."

त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. ज्याला कमी ऐकू येतं तो हळू वाचू शकत नाही. आणि छत्तीस वर्षं ज्याने चार वर्ग एका खोलीत शिकवले त्याचा आवाज चिंचेच्या झाडापुरता राहत नाही.

"मी, ज्ञानदेव बाळा नांगरे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वैजयंता डांगरे हिची आई शाळेत दाखल करण्यास आली तेव्हा मुलगी बेंदराची असल्याचे तिने मला सांगितले होते. त्या हिशोबाने मुलीला सहा वर्षे पूर्ण होण्यास महिना कमी होता. मुलीचे वर्ष वाया जाऊ नये आणि शाळेचा पट भरावा म्हणून मी विचारपूस न करता एक जून ही तारीख माझ्या हाताने लिहिली. ती खोटी आहे."

टाइपवाल्यांची यंत्रं एकेक करून थांबली होती. पलीकडच्या टेबलाशी भांडत असलेले दोन भाऊही गप्प झाले होते. गुरुजींनी पान उलटलं.

"तसेच लिहून देतो की, पुढे त्या वसतिगृहात मुलीला नेऊन घालणारा मीच. ती परत आली तेव्हा तिचा दाखला मी पाहिला. त्यावर तिच्या वर्तणुकीबद्दल जे लिहिले होते त्यावर माझा विश्वास बसला नाही, तरीही मी तिला काही विचारले नाही. मला भीती वाटली की ती सांगेल. पहिलीपासून चौथीपर्यंत ही मुलगी माझ्याशी एकदाही खोटे बोललेली नाही. तारखेची चूक माझी आहे. न विचारण्याची चूकही माझी आहे. मुलीची कोणतीही चूक नाही."

त्यांनी कागद खाली केला. "वाचलं. खरं आहे. द्या शाई."

"दुसरा भाग मुदतीशी संबंधित नाही, गुरुजी," वकीलबाई म्हणाल्या. "काढायचा म्हटलं तर..."

"काढायचा नाही."

"नाहीच काढणार," वकीलबाई म्हणाल्या.

नऊ वर्षं मी एका वाक्याची वाट बघत होते. संस्थेकडून ते येईल असं मला वाटायचं. दावा लावायचा तो त्यासाठीच, कोर्टाने कुणाला तरी ते म्हणायला लावावं म्हणून. ते वाक्य असं चिंचेखाली, काळ्या कोटातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून, अजून दावा दाखलही झालेला नसताना येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी हसत होते की रडत होते मला कळेना. आईने मात्र पुढे होऊन भर कोर्टात गुरुजींच्या पायाला हात लावला. "म्हातारं भ्यालं म्हनले हुते मी," ती म्हणाली. सुदैवाने ते त्यांना ऐकू गेलं नाही.

मी खिडकीशी कागद सरकवले तेव्हा माझ्या बांगड्या काचेवर वाजल्या. आतल्या कारकुनाने मान वर केली, पानं चाळली आणि जन्मतारखेशी थबकला.

"मुदतीत आहे का हे?"

"एक दिवस बाकी आहे," मी म्हणाले. "उद्या माझा वाढदिवस."

त्याने शिक्का मारला. एक जुलै, दावा दाखल. शिक्का जरा तिरका बसला, पण बसला. तिथून आम्ही चौघं कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये गेलो आणि गुरुजींनी माझ्या वाढदिवसाची मिसळ एक दिवस आधीच सगळ्यांना खिलवली. "तारखेत मी पुन्हा चुकलो," ते म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. संस्थेच्या वकिलाने पहिलाच आक्षेप मुदतीचा घेतला. सत्तावीस एक जून समोर ठेवल्यावर जज्जसाहेबांनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं आणि मुदतीचा मुद्दा माझ्या बाजूने दिला. त्यांचाही वाढदिवस एक जूनचा असावा अशी वकीलबाईंना दाट शंका आहे. पुढे निकाल लागायला सहा वर्षं गेली, पण लागला. संस्थेने लेखी माफी मागितली, दाखल्यावरचा शेरा रद्द केला, आणि त्या सभागृहावर आता नुसतं 'सभागृह' एवढंच लिहिलेलं आहे. तिथे मी परवा एका लग्नाला जाऊन पोटभर जेवून आले. कोर्टासमोर आता माझं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि कुणी एक जूनचा दाखला घेऊन आलं की मी विचारल्याशिवाय राहत नाही, खरी तारीख काय हो तुमची?

गुरुजी एकोणऐंशीचे आहेत. एक जूनला अजूनही त्यांना सव्वीस फोन येतात. सत्ताविसावा ते स्वतः करतात, महिन्याने, सकाळी सात वाजता. शुभेच्छा वगैरे काही नाही. मी फोन उचलला की पलीकडून तो आवाज येतो, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"डांगरे! आज तारीख काय?"

कुठेही असले तरी मी उभी राहते. "दोन जुलै, गुरुजी!"

"बरोबर," ते म्हणतात. "बस खाली."